सातवं वाक्य

सकाळचे आठ वाजले की ताम्हनकरांच्या स्वयंपाकघरात पहिला शब्द डबीचा असे. ओट्याच्या कडेला, मिठाच्या बरणीशेजारी ती बसलेली असायची. तळहातावर मावेल एवढी, पांढरी, पुढे काचेची छोटी खिडकी. खिडकीत हिरवा दिवा लागे आणि आतून एक समजूतदार बाई बोलू लागे.

"नमस्कार, हेमांगीताई. रात्री झोप नीट लागली ना?"

"लागली."

"चक्कर, धडधड, असं काही?"

"काही नाही."

"आपण उपाशीपोटी आहात ना?"

"हो."

मग डबीच्या पोटात काहीतरी फिरे आणि खालच्या वाटीत औषधाचे मोहरीएवढे पांढरे कण टपटप पडत. हेमांगी बोट न लावता ती वाटी तोंडात रिकामी करी, वर पेलाभर पाणी पिई आणि नवऱ्याकडे बघून म्हणे, "घरात तुम्ही काही बोलत नाही, आणि ही बया सकाळी सकाळी तुमचीच वाक्यं म्हणून दाखवते."

ते खरंच होतं. वाक्यं मकरंद ताम्हनकरांची होती. सारं आयुष्य पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासण्यात घालवून ते निवृत्त झाले आणि बायकोच्या माहेरी, गडहिंग्लजला, येऊन राहिले. चार माणसांत उभं राहून बोलायची वेळ आली की त्यांच्या घशाला कोरड पडे. पण कागदावरचं वाक्य वाकडं असलं तर ते त्यांना लांबूनही टोचायचं. डबीची योजना पहिल्यांदा या तालुक्यात आली तेव्हा सरकारी दवाखान्यातली फार्मासिस्ट रुकय्या मुजावर डबीनं म्हणायच्या बारा वाक्यांचा कागद घेऊन त्यांच्याकडे आली होती. "काका, हे मी माझ्या बुद्धीनं लिहिलंय. तुम्ही जरा मराठी करून द्या की," म्हणाली. मकरंदरावांनी दोन दिवस लावून ती बारा वाक्यं घासूनपुसून दिली. गेल्या कित्येक वर्षांत कुणी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं.

हेमांगीचा आजार रक्ताचा होता. हाडांच्या पोकळीत रक्तपेशी तयार होतात, त्या कारखान्यात एके दिवशी दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटले आणि एकमेकांच्या जागी चिकटले. त्या चुकीच्या सांध्यातून एक प्रथिन जन्माला आलं, आणि त्याचं काम एकच: पांढऱ्या पेशींना 'वाढा, वाढा' म्हणत राहणं. सुरू झालेलं बटण पुन्हा बंदच होऊ नये, तसं. पूर्वी या आजारावर सगळ्या शरीराला भाजून काढणारी औषधं देत. आताची गोळी नेमकी त्या प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसते आणि बटण दाबून धरते. बाकीच्या पेशींच्या वाटेला ती फारशी जात नाही. घरी बसून, पाण्याबरोबर घ्यायची गोळी. मुद्रितं तपासताना एका अक्षराची चूक त्या एका अक्षरापाशीच सुधारावी, बाकी पानाला धक्का लावू नये, हे मकरंदरावांचं व्रत होतं. म्हणून त्या गोळीबद्दल त्यांना मनापासून आदर होता.

पण गोळी तितकीच हट्टी. रक्तात ती कमी पडली तर आजार तिला चुकवायला शिकतो. जास्त झाली तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. दोन्हींच्या मधली वाट अरुंद. त्यात तिला तेलातुपाचा भारी सोस. पोटात स्निग्ध अन्न असलं की ती दुपटीनं रक्तात शिरते. म्हणून गोळीआधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, हा नियम.

डबीचं काम ही वाट सांभाळण्याचं. हेमांगीच्या दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवलेली होती. चकतीच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया. टोचलेल्या कळतसुद्धा नसत. ती चकती त्वचेखालच्या द्रवातलं औषध मोजायची, ठोके ऐकायची आणि डबीला कळवायची. डबी त्यावरून दुसऱ्या दिवशी किती कण द्यायचे ते ठरवायची. पूर्वी आठ महिन्यांनी तपासणीत जे कळे ते डबीला आठ तासांत कळत होतं. या घरात तीन महिने सगळं सुरळीत चाललं आहे, अशी मकरंदरावांची समजूत होती.

एका मंगळवारी, हेमांगी बाजारात गेली असताना, कोल्हापूरच्या रुग्णालयातून डॉक्टर कित्तूरकर पडद्यावर आले.

"ताम्हनकर साहेब, एकटे आहात ना? जरा नाजूक आहे."

त्यांनी एक आलेख दाखवला. सरळ चाललेली रेघ मध्येच सुळक्यासारखी वर जात होती, खाली येत होती, पुन्हा काही दिवसांनी वर.

"या दिवशी औषध दुप्पट होतं. ठोक्यांमधलं अंतरही लांबतं. डबी घाबरून पुढच्या दिवसांचे कण कमी करते. दहाचे सातवर आलेत. मग बाकीच्या दिवशी औषध कमी पडतं. परवाच्या तपासणीत आजाराचा आकडा वाढलेला आहे."

मकरंदराव पडद्याजवळ सरकले. "पण ती रोज माझ्यासमोर घेते."

"डबीतलं घेतात. डबी येण्याआधीच्या गोळ्यांची पाकिटं घरात असतील. काही रुग्ण भीतीपोटी मधूनच एखादी जास्त घेतात. यंत्रणेनं त्यांच्या नावापुढे तसा शेरा मारलाय. पुढच्या बुधवारी समितीची बैठक आहे. असंच राहिलं तर डबी बंद करावी लागेल. मग इथे रुग्णालयात राहून उपचार, आणि हृदय साथ देत नसेल तर गोळीच बंद."

"आणि गोळी बंद केली तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तेवढं उत्तर पुरेसं होतं.

मकरंदरावांनी त्यानंतर जे केलं, त्याची आठवण त्यांना पुढे बरेच दिवस छळणार होती. ते उठले आणि बायकोचं कपाट उघडलं. साड्यांच्या घड्यांखाली हात घातला, पेटीवादनाच्या वह्या चाळल्या, खालच्या खणातली लोकर उपसली. जुनी पाकिटं सापडली नाहीत. म्हणजे ती संपली असणार. म्हणजे डॉक्टर म्हणतात तेच.

"काय शोधताय?"

हेमांगी दारात उभी होती, हातात भाजीची पिशवी.

"काही नाही. ते... जुन्या गोळ्या."

"कशाला?"

त्यांनी तुटक तुटक सांगितलं. आलेख, शेरा, बुधवार. हेमांगीनं पिशवी खाली ठेवली. आधी ती घाबरली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी आलं.

"तुम्ही मला विचारलं का?"

त्यांनी कपाटाचं दार लावलं.

"चाळीस वर्षांत मी कधी काही लपवून खाल्लंय? साधा पेढा लपवला नाही. त्या गोळ्या डबी आली त्याच दिवशी मी रुकय्याला परत दिल्या. असली औषधं घरात ठेवायची नाहीत, कचऱ्यात टाकायची नाहीत, तिनंच सांगितलेलं." ती थांबली. "यंत्रानं माझ्यावर आळ घेतला, ठीक आहे, ते काय माझ्याबरोबर राहिलंय? पण तुम्ही कपाट उपसलंत."

त्यांना म्हणायचं होतं की मी घाबरलो होतो. जमलं नाही. हेमांगीनं फोन उचलला. "रुकय्या, ये बाई घरी. माझ्या नवऱ्याला साक्षीदार हवाय."

रुकय्या दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पस्तिशीची, डोक्यावर फिकट निळी ओढणी, खांद्याला जडशीळ पिशवी. पाच गावांतल्या अशा सव्वीस डब्या ती एकटी बघायची. पाणी प्यायल्यावर ती म्हणाली, "काका, पाकिटं माझ्याकडंच आल्यात. एक गोळी कमी नव्हती. हे मी डॉक्टरांना लिहून पाठवलंय."

मकरंदरावांनी मान खाली घातली.

"पण मग रेघ वर का जाते, ते शोधाय लागणार. डॉक्टर म्हणत्यात दोष माणसाचा, आणि मी म्हणत्ये काकूंचा नाही. नुसतं म्हणून कोण ऐकणार?" तिनं वही उघडली. "काकू, पपनस खाता? त्यानंही हे औषध रक्तात चढतंय."

"आंबट. नाही."

"कसला काढा? शेजारणीनं दिलेलं चूर्ण?"

"शेजारीण मला साखर देत नाही, चूर्ण कुठलं देते!"

"पित्ताची गोळी?"

"नाही गं."

रुकय्यानं सगळ्यांवर फुल्या मारल्या. मग आलेखातल्या सुळक्यांच्या तारखा एका ओळीत लिहिल्या. पाच, तेरा, वीस. पुढच्या महिन्यात पाच, तेरा, वीस. त्याच्या पुढच्या महिन्यात चार, बारा, एकोणीस. तारखांमधले दिवस मोजले. आठ, सात, पंधरा. पुन्हा आठ, सात, पंधरा.

ती पेन ओठांवर टेकवून बराच वेळ बघत राहिली. मकरंदरावांनी आयुष्यभर माणसांना वाचताना पाहिलं होतं, पण आकड्यांच्या ओळीकडे कुणी इतक्या मायेनं बघताना पाहिलं नव्हतं.

"आठ नि सात पंधरा, नि पंधरा तीस," ती हळूच म्हणाली. "आणि हळूहळू एक-एक दिवस मागं सरकतंय. काका, हा इंग्रजी महिना नाही. हा चंद्राचा हिशोब आहे. रमजान जवळ आला की आमच्या घरात अशीच बोटं मोजतात."

ती उठली आणि दाराजवळच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. पानं उलटत बोट ठेवत गेली. "पाच, एकादशी. तेरा, संकष्टी. वीस, परत एकादशी. काकू, हे काय आहे?"

"माझे उपास आहेत ते," हेमांगी म्हणाली. "लग्नाआधीपासूनचे."

"म्हणजे त्या दिवशी तर तुम्ही एकदम उपाशी."

"हो तर! साबुदाण्याची खिचडी सोडली तर दिवसभर काही म्हणजे काही नाही."

रुकय्या कॅलेंडरपासून वळली.

"खिचडी किती वाजता, काकू?"

"साडेसातला. साडेआठला देवळात भजनी मंडळ असतं, पेटी माझ्याकडे. अकरापर्यंत बसायचं म्हणजे पोटाला आधार नको?"

"गोळीच्या आधी?"

"अगं, पण उपासाचीच ना!"

"तूप? दाण्याचं कूट?"

"सढळ हातानं. शेंगांच्या गावात राहून दाण्याला काय तोटा?"

रुकय्यानं डोळे मिटले आणि उघडले. "आणि डबीनं विचारल्यावर काय सांगितलंत?"

"ती विचारते, उपाशी आहात ना. आता उपासाच्या दिवशी मी नाही म्हणू? देवाधर्माचं खोटं बोलू?" बोलता बोलता हेमांगीचा आवाज खाली आला. तिनं डबीकडे पाहिलं, मग वहीतल्या तारखांकडे. "अगं बाई," ती म्हणाली.

मकरंदराव उठून आतल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता, घड्यांवर पिवळा पडलेला. रुकय्याच्या अक्षरात बारा वाक्यं, आणि त्यांवर त्यांच्या लाल पेनाच्या बारीक दुरुस्त्या. सातवं वाक्य तिनं लिहिलं होतं: 'मागच्या दोन तासांत पोटात काय गेलंय का?' त्यावर एक सरळ लाल रेघ होती. वर त्यांनी लिहिलं होतं: 'आपण उपाशीपोटी आहात ना?' आणि समासात शेरा: औषधाच्या डबीने फौजदारासारखी उलटतपासणी करू नये.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "मी खोडलं."

हे रुकय्याला आधीच आठवलं होतं, ते त्यांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं. कॅलेंडरपाशी उभी असतानाच आठवलं असणार. पण ती बोलली नव्हती.

"असू दे की, काका. मला तरी कुठं सुचलं? आमच्यात रोजा म्हणजे घोटभर पाणीसुद्धा नाही. माझ्या डोक्यात उपाशी म्हणजे उपाशीच. तुमचं वाक्य वाचून मी घरी अम्मीला म्हटलं, बघ, मराठी असं असतंय." ती हसली. "उपास खिचडी खाऊन करतात, हे माझ्या यंत्राला कोण सांगणार होतं?"

हेमांगी हसली नाही. रुकय्याला तिनं चहा दिला, सोबत चिवडा दिला. नवऱ्याचा कप मात्र नुसताच त्याच्यापुढे ठेवला.

बैठकीचा बुधवार आला. रुकय्या म्हणाली, "मी सांगते सगळं, काका. तुम्ही बसा नुसते." मकरंदरावांनी रात्रभर तेच ठरवलं होतं, की बसायचं नुसतं. पडद्यावर डॉक्टर कित्तूरकर होते, आणि ओळीनं आणखी चार अनोळखी चेहरे. रुकय्यानं आलेखाखाली कॅलेंडर लावलं, तिथी दाखवल्या. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांतली एक बाई म्हणाली, "म्हणजे रुग्णानं यंत्राला चुकीची माहिती दिली, असंच नोंदवायचं ना?"

"नाही," मकरंदराव म्हणाले.

ते उभे राहिले होते. का, ते त्यांनाही कळलं नाही; पडद्यासमोर उभं राहायची काही गरज नव्हती. हातात लाल रेघेचा कागद होता.

"तिनं खरं सांगितलं. जे विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. चूक मराठीची आहे... नाही. मराठीची कशी असेल? माझी आहे. साधं, खणखणीत वाक्य होतं. या मुलीनं लिहिलेलं. मला ते पुरेसं सभ्य वाटलं नाही. मी ते छान केलं." त्यांनी कागद पडद्यासमोर धरला. "माझ्या बायकोच्या नावापुढचा शेरा खोडा. तो माझ्या नावापुढे लिहा. आणि कृपा करून बाकीची घरं बघा. माझं वाक्य तिथेही रोज सकाळी बोलतंय."

डॉक्टर कित्तूरकर बाजूला वळले. मग त्यांनी कुणाला तरी काही सांगितलं. जिल्हाभरच्या चारशे घरांच्या आलेखांवर पंचांग ठेवून बघायला यंत्राला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही. ब्याण्णव घरांत सुळके होते. काही एकादशीला, काही सोमवारी, काही गुरुवारी, एका घरी फक्त शनिवारी. इतक्या शहाण्या यंत्राला आठवड्याचे वार कळले होते, त्या वारांचे देव कळले नव्हते. त्या ब्याण्णवांत दोन बायका अशा निघाल्या, की 'बेभरवशाच्या' म्हणून महिन्यापूर्वीच त्यांची डबी काढून घेतली होती. डॉक्टर म्हणाले, त्या दोघींना मी आत्ता स्वतः फोन करतो. ते खरंच उठून गेले.

हेमांगीचं ठरलं ते असं: कण पुन्हा दहा. उपास सोडायचा नाही, खिचडी मागे ढकलायची. पुढचे तीन उपास रेघ सरळ राहिली तर शेरा जाईल आणि डबी घरीच राहील. आजाराचा आकडा खाली यायला मात्र महिने जाणार होते.

"आणि सातवं वाक्य?" जाताना रुकय्यानं विचारलं. "पाठवायचंय. नीट करून द्या."

मकरंदरावांनी तिचं वाक्य वाचलं. 'काय' नव्हे, 'काही' हवं होतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आहे तसंच जाऊ दे. फक्त पुढे जोड: उपासाचं असलं तरी सांगा."

घरात मात्र हेमांगी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. मीठ द्या, दार लावा. डबीला ती रोज उत्तरं द्यायची, त्यांच्याकडे न बघता. तक्रार करायची त्यांना सोय नव्हती; कपाट त्यांनीच उघडलं होतं.

एकादशीच्या सकाळी ते लवकर उठले. खिचडी झाली होती, पण ती पितळी डब्यात भरून, झाकण लावून, देवळात न्यायच्या पिशवीत ठेवलेली. अकराला भजन संपलं की तिथेच खायची, असं हेमांगीनं परस्पर ठरवलं होतं. घरभर तुपाजिऱ्याचा वास होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती.

आठ वाजले. हिरवा दिवा लागला.

"नमस्कार, हेमांगी..."

मकरंदरावांनी डबीच्या मागचं बटण दाबलं. ती बाई गप्प झाली. डबीत घरच्या माणसानं विचारायची सोय होती. माहितीपुस्तिकेतलं ते पान त्यांनी काल तीनदा वाचलं होतं.

हेमांगी वळली. "हे काय?"

"आजपासून मी विचारतो," ते म्हणाले. डबीकडे वाकून त्यांनी सुरुवात केली. "झोप लागली का?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "लागली."

"चक्कर? धडधड?"

"नाही."

त्यांनी श्वास घेतला. "मागच्या दोन तासांत पोटात काय गेलंय का? उपासाचं असलं तरी सांग."

"पाणी," ती म्हणाली. "पेलाभर."

"आणखी काही?"

हेमांगीनं पदराला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"आणि तुमच्यावरचा राग," ती म्हणाली. "तो आत्ताच गिळला."

डबी क्षणभर थांबली. हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. रागात तूप नसतं, एवढं तिला कळलं असावं. मग तिच्या पोटात काहीतरी फिरलं आणि वाटीत टपटप दहा कण पडले.